पट्टीवरचा शब्द

मिरजेच्या सर्पसहवास केंद्रात रविवारी सकाळी साड्यांच्या दुकानासारखी गर्दी होती. लोक बाकांवर दाटीवाटीने बसले होते, समोर काउंटरवर एकेक पेटी उघडली जात होती आणि स्नेहल मगदूम नेहमीच्या सवयीने म्हणत होती, "हा नको. जरा फिक्क्या रंगातला दाखवा की."

"वहिनी, हा नेसायचा नाहीये," शौकत मुजावर म्हणाले. ते केंद्रातले सल्लागार होते. कुठल्या घराला कुठला साप शोभेल हे सांगायचं काम त्यांचं. "आणि पसंती तुमची नाही, लेकीची. सापाचीही थोडी."

नवा कायदा झाल्यापासून हे असं सुरू झालं होतं. रानातल्या सापाला हात लावायचा नाही, तो गुन्हाच. पण केंद्रात जन्मलेले, ज्यांच्या पणजोबांनीही कधी रान पाहिलं नव्हतं असे बिनविषारी साप परवाना काढून घरी नेता येत. लोक सुरुवातीला बिचकले. मग बाजारात मनपट्टी आली आणि भीती निम्म्याने ओसरली.

निम्म्यानेच हं. अभिनंदन मगदूमची अजून पुरती शिल्लक होती. गडी चांगला धिप्पाड, तासगावात बेदाण्याच्या शीतगृहाचा व्यवस्थापक, पन्नास हमालांवर आवाज चढवणारा. पण त्याच्या घरात दिवेलागणीनंतर 'साप' हा शब्दसुद्धा उच्चारत नसत, 'लांबडं' म्हणत. आता तो दाराशी असा उभा होता, की गरज पडली तर बायको-मुलीच्या आधी आपणच बाहेर.

तरीही तो आला होता, आणि त्याला कारण होतं. त्याच्या लेकीचे, कस्तुरीचे हात बारा महिने गार असत. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या उगाच आवळतात, त्रास काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्रास नाही म्हणे! नववीच्या वर्गात तिचं नाव 'फ्रीज' पडलं होतं. फुगडीला कोणी तिचा हात धरत नसे. "बापाने शीतगृहातून उचलून आणली," असंही एक जण म्हणाला होता. तेव्हापासून ती मे महिन्यातही लांब बाह्यांचे सदरे घालायची आणि बाह्या बोटांच्या टोकापर्यंत ओढून घ्यायची.

साप पाळायचा हट्ट तिने वर्षभर धरला होता. अभिनंदन नाही म्हणजे नाही म्हणत होता. मग एकदा जेवताना ती म्हणाली, "मी हात लावला की मांजर अंग चोरतं, पप्पा. साप कशाला चोरेल? तो पण गारच असतो."  त्याच आठवड्यात अभिनंदनने अर्ज केला.

"पहिला साप म्हणजे पहिली सायकल," मुजावर कस्तुरीला सांगत होते. "शर्यतीची घ्यायची नाही. धामण नको, तिला घर पुरत नाही. दिवड नको, चावरी जात. अंगाने बेताचा, डोक्याने शांत, खायला कटकट न करणारा, असा बघू. हा तस्कर घे हातावर."

"तस्कर?" स्नेहल दचकली.

"नावच तसं आहे ओ, वहिनी. चोरी करत नाही."

त्यांनी कस्तुरीच्या मनगटावर मनपट्टी बांधली. केंद्रातल्या प्रत्येक सापाच्या कातडीखाली खसखशीएवढा संवेदक बसवलेला असे. काळजाचे ठोके, स्नायूंचा ताण, जिभेची लगबग, मेंदूतली हालचाल, सगळं तो पट्टीला कळवी. मग हजारो सापांवरून शिकलेलं यंत्र पट्टीवर एक शब्द लिही. भूक. भीती. क्रोध. वाक्यबिक्य काही नाही, फक्त शब्द.

कस्तुरीने बाही सारली आणि तळवा पुढे केला. तस्कर त्यावर टेकला मात्र, पट्टीवर उमटलं: भीती.

"माझ्या हाताची," ती म्हणाली.

"छे गं, नवा माणूस बघून होतं तसं. दुसरा बघू."

दुसऱ्यालाही भीती. तिसऱ्याने अंगाचा इंग्रजी एस केला आणि फुत्कारला. पट्टीवर आलं: क्रोध. कस्तुरीने बाही खाली ओढली.

"चला पप्पा. राहू दे."

एवढंच बोलली, पण इतक्या बारीक आवाजात, की अभिनंदन दार सोडून आत आला. मुजावरांनी डोकं खाजवलं, मागच्या खोलीत गेले आणि वाळूचं एक घमेलं घेऊन आले. वाळूत बोटं घालून त्यांनी तांबूस तपकिरी, जाडसर, आखूड असं काहीतरी उचललं. मांडूळ.

"अगं बाई, तोंड कुठलं नि शेपूट कुठलं?" स्नेहल म्हणाली.

"त्यालाही कधीकधी आठवावं लागत असेल," मुजावर म्हणाले. "बाळ, एवढा एक बघ. नाही जमलं तर चहा पिऊ आणि जाऊ."

मांडूळ तळव्यावर आलं, सावकाश सरकलं, आणि वाळूत घुसावं तसं त्याने कस्तुरीच्या दोन बोटांच्या बेचक्यात तोंड खुपसलं. तिथेच राहिलं. पट्टी लुकलुकली. कस्तुरीने वाचलं, परत वाचलं.

"पप्पा, ऊब."

"काय?"

"ऊब लिहिलंय. त्याला ऊब लागतेय. माझ्या हाताची!"

स्नेहलने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि दुकानात असते तशी एकदम ठाम झाली. "हेच बांधा. याच्यापुढे आता काही दाखवू नका."

खाण्याचा प्रश्न तेवढा राहिला होता. घर जैनांचं, चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही. मुजावरांनी पेशीवड्यांचं पाकीट पुढे केलं. उंदराची एक पेशी घेऊन तिच्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस.

"म्हणजे उंदीर मेला नाही?" स्नेहलने विचारलं.

"नाही वहिनी. कुठंतरी म्हातारा होतोय."

"पण वडी त्याचीच."

"त्याचीच."

स्नेहलने बराच विचार केला. "गॅलरीत ठेवीन," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात नाही."

मांडुळाचं नाव पडलं बेदाणा. रंगही तसाच होता आणि घरची भाकरीही बेदाण्याचीच होती.

बेदाणा घरात काय करायचा? तर काहीच नाही. वाळूत पुरून घ्यायचा आणि संध्याकाळी तोंड बाहेर काढायचा. पण कस्तुरीचं काय झालं ते आळीने पाहिलं. शाळेतून आली की पट्टी बांधायची, त्याला तळव्यावर घ्यायची, आणि थोड्या वेळाने तो शब्द आला की आईला हाक मारायची. पंधरवड्यात तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. वर्गातल्या मैत्रिणीचा हात तिने आपणहून धरला आणि सांगितलं, "गार लागतो ना? पण आत ऊब आहे. मशीननं सांगितलंय." पोरी हसल्या, पण हात कोणी सोडवून घेतला नाही. खो-खोच्या तासाला ती पाठीवर थाप मारून 'खो' द्यायला लागली. अभिनंदन शीतगृहातून आला की दोन्ही तळवे त्याच्या गालांवर ठेवून विचारायची, "लागली ऊब?"

"वा! लागली की," तो म्हणायचा.

पण अभिनंदनचा जन्म गारठ्यात गेलेला. गारठ्याचं एक गणित त्याला झोपेतही पाठ होतं: गार वस्तू ऊब देत नाही, दुसऱ्याची काढून घेते. पोरीच्या गार हातावर सापाला ऊब लागते कुठून? मन म्हणायचं, तुला काय करायचंय, पोर हसतेय ना! पण किडा एकदा डोक्यात शिरला की शिरला.

शीतगृहाच्या एका सुट्टीच्या दिवशी, कस्तुरी शाळेत आणि स्नेहल बाजारात असताना, त्याने पट्टी आपल्या मनगटावर बांधली. फ्रीजमधला स्टीलचा पेला काढला, देवाचं नाव घेतलं आणि चिमट्याने धरून पेला बेदाण्याच्या पेटीत ठेवला. बेदाणा सरकत आला आणि पेल्याच्या बुडाशी तोंड टेकून राहिला. पट्टीवर शब्द आला: ऊब. अभिनंदनने पेला काढून घेतला. बेदाणा होता तिथेच पडून राहिला. आजूबाजूला कोणी नाही, काही नाही. पट्टीवर शब्द तोच. अभिनंदनने पट्टी सोडली आणि होती तिथे ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तो मुजावरांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"मलाही गेल्या महिन्यात कळलं, मगदूमसाहेब. हे यंत्र तिकडं उत्तरेत तयार झालं, सगळे शब्द हिंदीत. मराठीत आणताना भाषांतरही यंत्रानंच केलं. 'भूख'ची भूक केली, 'डर'ची भीती केली. जे शब्द मराठी कोशातही सापडले, ते तसेच ठेवून दिले. 'क्रोध' तसाच. 'ऊब' तसाच."

"मग?"

"हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा."

आता बोला! काना नाही, मात्रा नाही, अक्षराचाही फरक नाही. तिकडे कंटाळा, इकडे माया. 

"कस्तुरीला सांगू नका," अभिनंदन म्हणाला.

"मी कशाला सांगतोय?" मुजावर म्हणाले.

पण झाकलं तरी कोंबडं आरवायचं राहत नाही. कस्तुरीच्या हिंदीच्या बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'लंबी यात्रा से मैं ऊब गई', आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "प्रवासात गरम झालं!" बाई पोट धरून हसल्या. "अरे, ऊब जाना म्हणजे कंटाळणं!" सगळा वर्ग हसला. कस्तुरीने वहीत अर्थ लिहून घेतला, आणि उरलेल्या तासात मान वर केली नाही.

संध्याकाळी अभिनंदन घरी आला तेव्हा बेदाण्याची पेटी बंद होती आणि पोरीच्या बाह्या खाली होत्या. गालांवर हात ठेवायला ती उठली नाही.

"पप्पा, हिंदीत ऊब म्हणजे काय?"

त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं, पण क्षणभर उशीर झाला.

"तुम्हाला माहीत होतं," कस्तुरी म्हणाली. "एवढे दिवस तो माझ्या हातावर कंटाळत होता. आणि मी सगळ्या शाळेला सांगत सुटले. आईला हाका मारत होते! तुम्ही बघत होतात."

"बाळा, ऐक तर."

"लागली ऊब म्हणायचात ते पण खोटंच ना? माझे हात गारच आहेत. खरं सांगा."

स्वयंपाकघरात स्नेहलच्या हातातलं लाटणं थांबलं. अभिनंदन लेकीसमोर जमिनीवर बसला. अशा वेळी काय बोलावं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून जे होतं तेच तो बोलला.

"गार आहेत. बर्फासारखे गार आहेत. तू गालांवर ठेवतेस ना, तेव्हा दातापर्यंत झिणझिण्या येतात. मी दिवसभर गारठ्यातच असतो गं, मला गार काही नकोसं असतं. पण संध्याकाळी घरी येताना मी त्याच हातांची वाट बघत येतो. आज आलो आणि तू उठली नाहीस, तर घर परक्याचं वाटलं मला."

कस्तुरी रडायला लागली. त्याने तिचा एक हात बाहीतून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. रडणं थांबल्यावर ती म्हणाली, "तरी पण बेदाण्याला परत द्या. त्याला कशाला कंटाळा आणायचा?"

रविवारी तिघं पुन्हा मिरजेला गेली. पेटी कस्तुरीच्या मांडीवर होती. मुजावरांनी झाकण उघडून बेदाण्याला पाहिलं आणि हसून म्हणाले, "वजन वाढलंय लेकाचं. परत देण्याआधी एक ऐकशील, बाळ?"

तिने मान डोलावली.

"कंपनीच्या माणसाचा मला फोन आला होता. म्हणाला, तिकडं पोरं ढिगानं साप परत आणून देतात, तुमच्याकडं कोणीच कसं देत नाही? तुम्ही करता तरी काय? मी म्हटलं, काही नाही. मग बोलता बोलता उलगडलं. तिकडं पट्टीवर ऊब आलं की पोरं म्हणतात, याला माझा कंटाळा आलाय. आठवडाभर वाचतात आणि पेटी उचलून आणतात. इकडची पोरं तोच शब्द वाचतात आणि सापाला आणखी जवळ घेतात. साप तेच, यंत्र तेच."

"पण खरं तिकडचं आहे," कस्तुरी म्हणाली. "कंटाळाच."

"तेही मी विचारलं. त्या यंत्राला भूक कळते, भीती कळते, राग कळतो. यातलं काहीच नसेल, तेव्हा जे उरतं, त्याला काहीतरी नाव द्यायचं होतं. कुणा इंजिनिअरनं लिहून टाकलं ऊब. बहुतेक त्यालाच त्या दिवशी कंटाळा आला असेल."

"मग बेदाण्याला खरं काय वाटतं?"

"ते इंजिनिअरलाही माहीत नाही आणि मलाही नाही. एवढं नक्की, की तुझ्या हातावर त्याला भीती नाही, रागही नाही. बाकीच्यांना यातलं काही ना काही वाटलं होतं, तू पाहिलंस. याला नाही." मुजावरांनी आवाज खाली आणला. "आता कंपनी मला विचारतेय, मराठीत काय ठेवायचं? ऊब ठेवला तर पोरांना फसवतोय. कंटाळा लिहिला, तर पुढच्या रविवारी या बाकांवर परत आलेल्या पेट्या रचाव्या लागतील. मला ठरवता येईना. म्हटलं, जिला लागलंय तिलाच विचारावं."

"मग ऊबच राहू दे की!" स्नेहल म्हणाली. "कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडलं, आई."

 स्नेहल मग हळूच म्हणाली, "निवांत लिहा. चांगला शब्द आहे."

"सुख," अभिनंदन म्हणाला.

"ते पण आपणच ठरवतोय, पप्पा." कस्तुरी पेटीत बघत होती. बेदाण्याने वाळूतून तोंड बाहेर काढलं होतं.  

"काहीच लिहू नका, काका," ती म्हणाली. "भूक लिहा, भीती लिहा. ते त्याच्या कामाचं आहे. हे आलं की पट्टी कोरी ठेवा."

"लोकांना वाटेल यंत्र बिघडलं."

"वाटू दे."

"आणि हा? ठेवून घेऊ?"

तिने पेटीवर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.

मुजावरांनी तिची पट्टी काढून घेतली, आत नेली, काहीतरी खटपट केली आणि परत आणून बांधली. "आधी तुझ्यावरच बघतो. चाललं तर सगळ्यांना कळवतो."

कस्तुरीने बाह्या सारल्या आणि बेदाण्याला उचललं. तो सावकाश सरकला, बोटांच्या बेचक्यात तोंड खुपसून थांबला. सवयीने तिची नजर पट्टीवर गेली. पट्टीवर काही नव्हतं. मग ती त्याच्याकडे बघायला लागली. एवढे दिवस हातावर घेऊनही त्याचा डोळा मोहरीएवढा आहे हे तिने पाहिलं नव्हतं. श्वास घेताना त्याची कूस फुगते हे पाहिलं नव्हतं. शब्द आला की ती आईला हाक मारायची, आणि मग बघायचं राहूनच जायचं.

"बेदाण्या," ती वाकून म्हणाली, "काय वाटतंय रे तुला?"

बेदाणा काय बोलणार? त्याने जीभ बाहेर काढली आणि आत घेतली. कस्तुरी मात्र उत्तर यायचं असल्यासारखी वाकून बसून राहिली.

अभिनंदन तिच्या शेजारी बाकावर टेकला. सापाच्या इतक्या जवळ तो जन्मात बसला नव्हता. त्याने लेकीचा मोकळा हात हातात घेतला. हात गारच होता. औषध घेतलंस का, जेवलीस का, स्वेटर कुठाय, असं रोज काही ना काही तो तिला विचारायचा. हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

"आणि तुला गं, कस्तुरी?" तो म्हणाला. "तुला काय वाटतंय?"